कोणता प्रश्न सोडायचा?

2025 च्या नीट परीक्षेत 180 प्रश्न होते आणि ते सोडवायला मिनिटेही 180 होती. जीवशास्त्राचे 90, भौतिकशास्त्राचे 45, रसायनशास्त्राचे 45; बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा, कोऱ्या प्रश्नाला शून्य. त्याआधीच्या वर्षी पेपरात 200 प्रश्न होते, त्यांतले 180 सोडवायचे होते आणि वेळ 200 मिनिटांचा होता. कोविडच्या काळात, 2021 साली आलेली ही ऐच्छिक प्रश्नांची सवलत 2025 मध्ये काढून घेण्यात आली. जेईई मेनमध्येही तेच झाले. पूर्वी प्रत्येक विषयात संख्यात्मक उत्तराचे दहा प्रश्न असत आणि त्यांतले पाच सोडवायचे असत. आता पाचच येतात, आणि 75 प्रश्न, 300 गुण, तीन तास असा सरळ हिशेब उरला आहे. या बदलानंतर पालकांच्या आणि क्लासवाल्यांच्या बोलण्यात एकच तक्रार होती: आता पेपरात काही ऐच्छिक राहिले नाही. मला ही तक्रार अर्धीच खरी वाटते. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात, आणि पाचवा न छापलेला असतो, तो म्हणजे प्रश्न कोरा ठेवणे. हा पर्याय कोणत्याही परिपत्रकाने काढून घेता येत नाही. तो कधी वापरायचा आणि कधी मुळीच वापरायचा नाही, हे आपल्याकडे फारसे कुणी पद्धतशीर शिकवत नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवलेल्या या पुस्तकाचा विषय तोच आहे.

न शिकवण्याला कारण आहे. आपली मुले दहा-बारा वर्षे ज्या परीक्षा देतात त्यांचे वळणच वेगळे. बारावी बोर्डाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात ‘कोणतेही आठ सोडवा’ अशी सूचना असते, उत्तर चुकले तरी सूत्र आणि पायऱ्यांचे गुण मिळतात, आणि चुकीच्या उत्तराने आधी मिळवलेले काही हातचे जात नाही. त्यामुळे ‘कोरे ठेवू नकोस, काहीतरी लिहून ये’ हा घराघरातला उपदेश बोर्डापुरता शंभर टक्के बरोबर आहे. आयआयटीची प्रवेश परीक्षासुद्धा 2005 पर्यंत अशी होती: चाळणी परीक्षेनंतरच्या मुख्य पेपरात उत्तर पायऱ्यांसह लिहायचे असे. 2006 पासून ती पूर्ण वस्तुनिष्ठ झाली. वस्तुनिष्ठ पेपरात वजाबाकी शिरली, की परीक्षकाचा प्रश्न बदलतो. तो विचारतो, ‘तुला हे येते का?’ आणि लगेच त्याच श्वासात विचारतो, ‘येते याची तुला किती खात्री आहे?’ पहिल्या प्रश्नाची तयारी दोन वर्षे चालते. दुसऱ्याची तयारी बहुतेकांच्या बाबतीत परीक्षा केंद्राच्या फाटकाशी, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगितलेल्या ‘निगेटिव्ह मार्किंग आहे, जपून’ एवढ्या वाक्यात उरकते. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. परीक्षा देण्याचे तंत्र म्हणून जे विकले जाते त्यातला टिकणारा भाग हा आपल्या ज्ञानाची अचूक मोजदाद करण्याचा भाग आहे. बाकीचे बरेचसे पेन कोणते घ्यावे आणि सकाळी काय खावे या जातीचे.

आधी गणित पाहू, कारण या विषयात सल्ले भरपूर आणि आकडेमोड कमी अशी स्थिती आहे. चार पर्यायांचा प्रश्न आहे, काहीही येत नाही, आणि विद्यार्थी डोळे मिटून एक गोळा काळा करतो. चारांत एकदा त्याला 4 गुण मिळतील, तीनदा 1 गुण जाईल. चार प्रश्नांमागे निव्वळ एका गुणाची कमाई, म्हणजे प्रश्नामागे सरासरी पाव गुण. नीटमध्ये निव्वळ अंदाजपंचे उत्तराचीही सरासरी शून्याच्या वर आहे, हे ऐकून पुष्कळ शिक्षकांना धक्का बसतो. पण वजाबाकी म्हणजे तोटाच, हे गृहीतक आपण कधी तपासलेलेच नसते. अंदाजाचा फायदा नेमका पुसून टाकायचा असेल तर चार पर्यायांच्या प्रश्नात चुकीमागे बरोबर उत्तराच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापावा लागतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत तेवढाच कापतात. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या एकच उत्तर बरोबर असलेल्या प्रश्नांत 3 गुण आणि वजा 1 असते, म्हणजे तिथेही हिशेब शून्यावर येतो. नीट आणि जेईई मेनमध्ये मात्र चारला एक, म्हणजे एक चतुर्थांश. सीयूईटीत पाचला एक. हा फरक कुणी गुपित ठेवलेला नाही, माहितीपुस्तिकेत तो छापलेला असतो. फक्त त्याचा अर्थ काढायचे कष्ट कुणी घेत नाही. एक पर्याय खात्रीने खोडता आला की सरासरी कमाई पाव गुणावरून दोन तृतीयांशावर जाते. दोन खोडता आले की दीड गुणावर. अर्थात सरासरी म्हणजे हमी नव्हे. नीटमध्ये वीस प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले तर सरासरी 5 गुण पदरी पडतात, पण शंभर विद्यार्थ्यांनी असे केले तर त्यांतले बावीस-तेवीस जण तोट्यात जातील, एकोणीस जण जिथे होते तिथेच राहतील, उरलेल्यांना फायदा होईल. आणि समान गुण असलेल्यांचा क्रम लावताना विषयवार गुणांनंतर चुकीच्या आणि बरोबर उत्तरांचे प्रमाणही पाहिले जाते, तेव्हा निव्वळ अंदाजाला थोडी किंमत मोजावी लागतेच. म्हणून डोळे मिटून अंदाज कराच, असे हे पुस्तक सांगत नाही. एक-दोन पर्याय खोडल्यावरही भीतीने कोरा सोडलेला प्रश्न हे नुकसान आहे, एवढे मात्र ते ठासून सांगते.

जेईई मेनच्या संख्यात्मक प्रश्नांना हा हिशेब लावू नये. तिथे पर्याय नाहीत, चुकीला वजा 1 मात्र आहे, आणि शून्यापासून वरपर्यंत कोणताही आकडा उत्तर असू शकतो. तिथला अंदाज म्हणजे सरळ दान. उलट एमएचटी-सीईटीत वजाबाकीच नाही. तिथे गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे असतात, आणि एकही प्रश्न कोरा ठेवणे याला भोळेपणाखेरीज दुसरे नाव नाही. सुटलेल्या दहा प्रश्नांवर शेवटच्या मिनिटात नुसते पर्याय टिचकावले तरी सरासरी 5 गुण येतात. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधले एकाहून जास्त उत्तरे बरोबर असलेले प्रश्न आणखी मजेदार. पूर्ण बरोबर निवडीला 4 गुण, अपुऱ्या पण निर्दोष निवडीला प्रत्येक बरोबर पर्यायामागे 1, आणि एकही चुकीचा पर्याय निवडला तर वजा 2, अशी रीत अलीकडच्या वर्षांत दिसते. समजा दोन पर्याय नक्की बरोबर आहेत, चौथा नक्की चूक आहे आणि तिसऱ्याबद्दल शंका आहे. तिसरा बरोबर असून निवडला तर दोनवर थांबण्यापेक्षा 2 गुण जास्त मिळतात. तो चूक असून निवडला तर हाती आलेले 4 गुण जाऊन वजा 2 होतात, म्हणजे 6 गुणांचा फरक. तेव्हा तिसऱ्या पर्यायाबद्दल चारांत तीनपेक्षा जास्त खात्री असेल तरच त्याला हात लावावा. नीटमध्ये धीट असणाऱ्याने इथे सावध व्हायला हवे. एकाच मुलाने एकाच महिन्यात तीन परीक्षांत तीन प्रकारे वागायचे आहे, आणि आपण त्याला सगळीकडे ‘जपून’ हा एकच मंत्र देऊन पाठवतो.

आता या गणितातली मोठी फट सांगितली पाहिजे, कारण ती लपवली तर हे पुस्तकही क्लासच्या जाहिरातीसारखे होईल. वरचा सगळा हिशेब उरलेले पर्याय सारखेच संभाव्य आहेत, असे धरून चालतो. प्रत्यक्षात चुकीचे पर्याय असेच कुठूनतरी उचललेले नसतात. पेपर काढणारा विद्यार्थ्याच्या संभाव्य चुका आधी स्वतः करून पाहतो आणि त्या चुकांची उत्तरे पर्यायांत मांडतो. अर्धे अंतर ताशी 40 किलोमीटर वेगाने आणि उरलेले अर्धे ताशी 60 किलोमीटर वेगाने कापले तर सरासरी वेग किती, या जुन्या प्रश्नाचे उत्तर 48 आहे. पण पर्यायांत 50 असणारच, आणि घाईतला विद्यार्थी ते पाहून सुखावणारच. म्हणजे अर्धवट समज काही वेळा पूर्ण अज्ञानापेक्षा महाग पडते. अज्ञानी माणूस चारांत एकदा तरी बरोबर येतो. सापळ्याच्या दिशेने चालणारा दरवेळी चुकतो. नीटच्या गुणपद्धतीत तोटा सुरू होण्याची रेषा पाचात एक ही आहे: शंकास्पद उत्तरांपैकी पाचातले एकाहून जास्त बरोबर येत असतील तर ती द्यावीत, कमी येत असतील तर कोरी ठेवावीत. आपण या रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. ते स्वतःच्याच उत्तरपत्रिका सांगतात, आणि त्यांना विचारावे लागते.

विचारायचे कसे, हा या पुस्तकाचा खरा गाभा. सराव चाचणी सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी एक खूण करायची: पूर्ण खात्री, दोन पर्यायांत अडकलेले, किंवा निव्वळ अंदाज. निकाल लागल्यावर एकूण गुणांकडे पाहण्याआधी या तीन गटांचा वेगवेगळा हिशेब मांडायचा. टेस्ट सिरीजचे निकालपत्रक हे कधीच दाखवत नाही. तिथे गुण, क्रमांक आणि विषयवार टक्केवारी असते. दोन पर्यायांत अडकलेल्या गटात निम्मी उत्तरे बरोबर येत असतील तर तो विद्यार्थी प्रश्नामागे दीड गुण कमावतो आहे आणि त्याने ते प्रश्न सोडणे मूर्खपणा ठरेल. त्याच गटात दहात एकच बरोबर येत असेल, तर तो पुन्हा पुन्हा त्याच सापळ्यात पाय घालतो आहे. त्याला तंत्राची गरज नाही, त्या प्रकरणाकडे परत जाण्याची गरज आहे. पण सगळ्यात डोळे उघडणारा गट पहिला असतो. ‘पूर्ण खात्री’ अशी खूण केलेले उत्तर चुकते तेव्हा मिळायचे 4 गुण जातात आणि वर 1 कापला जातो, म्हणजे बरोबर उत्तराच्या तुलनेत 5 गुणांचा खड्डा पडतो. या चुकांना आपण ‘सिली मिस्टेक’ म्हणून हसून सोडून देतो. ‘अयोग्य विधान कोणते’ हे ‘योग्य विधान कोणते’ असे वाचणे, त्रिज्येऐवजी व्यास घेणे, एकक न बदलणे ही त्या चुकांची नेहमीची घराणी. त्यांना क्षुल्लक म्हणण्याची सोय अशी, की मग त्यांची नोंद ठेवावी लागत नाही. नोंद ठेवली की दिसते, की माणूस दरवेळी नव्या चुका करत नाही. तो आपल्या ठरावीक तीन-चारच करतो.

वेळेचा प्रश्नही याच मोजदादीचा एक भाग आहे, जरी तो वेगळा वाटतो. नीटमध्ये प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट येते, त्यात ओएमआर पत्रिकेवरचे गोळे काळे करणेही आले. पण एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या वाक्यावर बेतलेला वनस्पतिशास्त्राचा प्रश्न वीस सेकंदांत सुटतो आणि भौतिकशास्त्रातला फिरत्या चकतीचा प्रश्न चार मिनिटे खातो. दोघांचे मोल 4 गुणच. अवघड प्रश्नाला जास्त गुण नाहीत, त्याच्याशी झुंजल्याबद्दल शाबासकीही नाही. तरीही चांगले विद्यार्थीच त्यात जास्त गुंततात, कारण प्रश्न न सुटणे त्यांना अपमान वाटतो, आणि हातचे सोडून पळत्यापाठी लागणे हे त्या अपमानातून घडते. म्हणून पहिल्या फेरीत फक्त ओळखीचे, दुसऱ्या फेरीत लांबलचक पण माहितीचे, तिसऱ्या फेरीत शंकेचे, ही पद्धत मला सगळ्यांत कमी वादाची वाटते. तिला अट एकच: पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रश्नाची जात ओळखता आली पाहिजे, आणि ती ओळख म्हणजे पुन्हा आपल्याला काय येते याचे भान. हीच पद्धत एमएचटी-सीईटीत मात्र छाटून घ्यावी लागते. तिथे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या 100 प्रश्नांसाठी 90 मिनिटे आणि गणिताच्या 50 प्रश्नांसाठी वेगळी 90 मिनिटे असतात, इकडचा वाचलेला वेळ तिकडे नेता येत नाही; फेऱ्या करायच्या त्या भागाच्या आत. पहिल्या भागात प्रश्नाला 54 सेकंद मिळतात, आणि बोर्डाच्या पायऱ्या लिहिण्याची सवय जडलेल्या हाताला तेवढ्यात गणिते करणे जड जाते. संगणकावरच्या परीक्षेत एक तपशील आवर्जून लक्षात ठेवावा: जेईई मेनमध्ये उत्तर देऊन ‘पुन्हा पाहण्यासाठी’ अशी खूण केलेला प्रश्न तपासणीत धरला जातो, पण उत्तर न देता नुसती खूण केलेला धरला जात नाही.

‘पहिले मनात आले तेच उत्तर ठेव, बदलू नकोस’ हा सल्ला आपल्याकडे आईवडील, शिक्षक आणि आधीच्या वर्षीचे टॉपर एकमुखाने देतात. तो बहुधा चुकीचा आहे, आणि इथे पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. अमेरिकेत 1984 साली बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या तेहतीस अभ्यासांचा आढावा घेतला, आणि बदललेल्या उत्तरांत चुकीचे बरोबर झाल्याची उदाहरणेच जास्त निघाली. 2005 मध्ये क्रूगर, विर्ट्झ आणि मिलर यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या 1561 विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी मोजल्या: 51 टक्के बदल चुकीकडून बरोबरकडे होते, 25 टक्के बरोबरकडून चुकीकडे, उरलेले एका चुकीकडून दुसऱ्या चुकीकडे. मग उलटा समज इतका घट्ट का? त्याच संशोधकांचे स्पष्टीकरण असे, की बरोबर उत्तर बदलून चुकले तर ते मनाला जास्त लागते आणि जास्त दिवस आठवते; बदलून बरोबर आलेले आपण विसरून जातो. अर्थात नीटच्या ओएमआर पत्रिकेवर काळ्या बॉलपेनाने भरलेला गोळा बदलता येत नाही. तेव्हा फेरविचार करायचा तो गोळा भरण्याआधी, प्रश्नपत्रिकेवर. संगणकावर तो शेवटच्या क्षणापर्यंत करता येतो. कारणाशिवाय, नुसत्या धास्तीने उत्तर बदलणे मात्र या आकड्यांच्या आधाराने समर्थनीय ठरत नाही; चूक दिसली म्हणून बदललेल्या उत्तराचीच इथे बाजू घेतली आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या, खऱ्याखुऱ्या शिक्षकांकडून, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. अभ्यास करा, तंत्रे कसली शिकवता, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात किती तथ्य आहे, हे मोजूनच दाखवता येते. समजा नीटच्या 180 प्रश्नांपैकी एका विद्यार्थ्याला 100 नक्की येतात, 40 प्रश्नांत तो दोन पर्याय खोडू शकतो आणि 40 त्याला मुळीच येत नाहीत. पहिल्या गटाचे 400 गुण अभ्यासाचे. दुसऱ्या गटात धीर केला तर सरासरी 60 मिळतात, तिसऱ्यात सरासरी 10. म्हणजे तंत्राचा सगळा पसारा सत्तर गुणांच्या आतबाहेर, आणि त्यातलेही साठ गुण अर्धवट का होईना, अभ्यासाचेच. तंत्राने 400 चे 600 होत नाहीत, आणि तसे सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतो आहे. पण वीस लाखांहून जास्त उमेदवार बसतात त्या परीक्षेत साठ गुण म्हणजे हजारो क्रमांकांचे अंतर, आणि बऱ्याचदा सरकारी महाविद्यालय आणि पुन्हा एक वर्ष ‘रिपीट’ यांच्यामधले अंतर. शिवाय सराव चाचणी हा अभ्यासाचा शत्रू नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचून झाल्यावर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होते. वाचणाऱ्यांना मात्र आपल्यालाच जास्त आठवेल असे वाटत होते. हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण आपल्या ज्ञानाविषयीचा आपला अंदाज किती फसवा असतो, ते त्यातून कळते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: येत नसताना उत्तर देणे ही एक प्रकारची लबाडी नाही का? मला तसे वाटत नाही. चारातले दोन पर्याय का चूक आहेत हे सांगता येणे, हे ज्ञानच आहे. रोगी तपासणारा डॉक्टरही आधी काय नाही हे ठरवत ठरवत काय आहे तिथे पोचतो. उलट अन्याय होतो तो दुसरीकडे. दोन विद्यार्थ्यांना सारखेच येते, पण एक धीट आहे आणि दुसरी संकोची, तर वजाबाकी असलेल्या परीक्षेत धीट पुढे जातो. हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. कॅथरिन बाल्डिगा यांच्या प्रयोगांत, चुकीला वजाबाकी असताना स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडत होत्या, विषयाचे ज्ञान सारखे असतानाही. वजाबाकी काढली की हा फरक उरत नसे. चिली या देशाने आपल्या राष्ट्रीय विद्यापीठ प्रवेश परीक्षेतली वजाबाकी काढून टाकली तेव्हा मुलामुलींमधली कोऱ्या प्रश्नांची तफावत मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे आढळले. अमेरिकेच्या सॅट परीक्षेनेही 2016 मध्ये चुकीची वजाबाकी बंद केली. आपल्याकडे नीट आणि जेईईत ती आहे आणि तूर्त जाण्याची चिन्हे नाहीत. ‘नीट शीक, पण पुढे पुढे करू नकोस’ असे ऐकत वाढलेल्या मुलीला गुणपद्धतीचे गणित समजावून सांगणे ही त्या परिस्थितीत मला अगदी साधी न्यायाची गोष्ट वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. ही तंत्रे ज्यांना परवडतात त्यांनाच मिळतात, आणि त्यांना प्रतिष्ठा देणे म्हणजे कोटा आणि लातूरच्या क्लासच्या बाजाराला प्रतिष्ठा देणे. तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने 2021 च्या अहवालात म्हटले होते, की नीटने क्लास लावू शकणाऱ्या आणि पुन्हा परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना झुकते माप दिले आहे. त्या समितीच्या शिफारशींवर राजकीय वाद झाला, पण हे निरीक्षण महाराष्ट्रातही कुणी सहज खोडून काढील असे वाटत नाही. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकणाऱ्या, मराठीतून पेपर देणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला चार सराव चाचण्या आणि त्यांचे विश्लेषण देणारा कुणी नसतो. हा आक्षेप मला मान्य आहे, त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. ज्ञान विषमतेने वाटले गेले असेल तर ते स्वस्तात आणि मराठीत उपलब्ध करणे हा उपाय. ते कमी दर्जाचे ठरवणे हा नव्हे. आणि लागणारे साहित्य खरे तर फुकट आहे. एनसीईआरटी आणि बालभारती या दोघांचीही पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत, आणि तीन खुणांची वही ठेवायला पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. प्रवेश परीक्षांची रचनाच बदलावी, असे माझेही मत आहे. दोन वर्षांच्या अभ्यासाचा निवाडा तीन तासांत व्हावा हे मला पटत नाही. पण ती लढाई धोरण ठरवणाऱ्यांशी आहे, आणि येत्या मे महिन्यात पेपर देणाऱ्या मुलाला ती संपेपर्यंत थांबता येणार नाही.

पेपर अवघड निघाला तर काय, ही धास्तीही थोडक्यात निकालात काढतो. 2024 साली नीटमध्ये पैकीच्या पैकी, म्हणजे 720 गुण मिळवणारे एकाहून अधिक होते. 2025 साली भौतिकशास्त्र इतके कठीण निघाले की देशातला सर्वोच्च गुण 686 होता. त्यामुळे जागा घटल्या नाहीत, क्रमांक तेच, फक्त आकडे खाली आले. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीत तर सत्रानुसार पर्सेंटाइल काढतात, म्हणजे आपल्या सत्रातल्या इतरांच्या तुलनेतच आपले मोजमाप होते. तेव्हा अवघड पेपरात ‘दरवेळी माझे 160 प्रश्न होतात’ हा आकडा गाठायचा हट्ट धरणारा विद्यार्थी स्वतःच्या हाताने चुका वाढवतो. किती सोडवायचे हे घरून ठरवून जायचे नसते. ते पेपर ठरवतो.

या पुस्तकातले सर्व हिशेब 2025 पर्यंतच्या नियमांवर आधारलेले आहेत, आणि हे नियम बदलत असतात, हे पहिल्याच परिच्छेदात आलेच आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्डची गुणपद्धती तर प्रश्नपत्रिका हाती आल्यावरच कळते. म्हणून वाचकांना विनंती अशी, की अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांवर किंवा सायबर कॅफेवाल्यावर न सोपवता स्वतः वाचावी, प्रश्नांची संख्या, वेळ, बरोबर उत्तराचे गुण आणि चुकीची वजाबाकी हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवावेत, आणि पुस्तकातले आकडे त्यांच्याशी जुळत नसतील तिथे पुस्तकावर काट मारून नवा हिशेब स्वतः करावा.